री ओढणाऱ्यांचं गाणं



आपल्याकडे एखाद्याला हिणवायचं असलं की आपण म्हणतो, "त्याचं काय घेऊन बसलात, तो नुसती साहेबांची री ओढतो." म्हणजे याला स्वतःचं मत नाही, दुसरा बोलेल तेच हा लांबवत बसतो. हा वाक्प्रचार गाण्याच्या साथीतला आहे. पोवाड्यात शाहीर पुढे उभा असतो आणि झीलकरी मागे. शाहिराची ओळ जिथे संपते तिथे झीलकरी तो सूर उचलतात, "जी जी" करत धरून ठेवतात, आणि शाहिराला श्वास घ्यायला, पुढची ओळ जुळवायला जागा करून देतात. टाळ्या पडतात त्या शाहिराला. री ओढणाऱ्यांच्या वाट्याला हा वाक्प्रचार आला.

आज आपण अशा गाण्यांबद्दल बोलणार आहोत, ज्यांत री ओढणारा नसेल तर गाणं उभंच राहत नाही. या गाण्यांत वाद्य नाही. पेटी नाही, तंबोरा नाही, तबला नाही. दोन, तीन किंवा चार वेगवेगळ्या चाली एकाच वेळी गळ्यातून निघतात, आणि त्यांच्या खाली एक सूर माणसंच धरून ठेवतात. ही गाणी आहेत जॉर्जियातली, अल्बेनियातली, ग्रीसमधली, तिथल्या जेवणाच्या टेबलावरची आणि तिथल्या चर्चमधली. आणि सगळं सांगून झालं की शेवटी आपण १९६६ सालच्या एका ध्वनिमुद्रणापाशी येणार आहोत. त्यात ऐंशीच्या उंबरठ्यावरचा एक म्हातारा एकटाच तीन जणांचं गाणं गातो. त्याला एकट्याने का गावं लागलं, हे कळण्यासाठी आजचा सगळा प्रवास आहे.

सुरुवात मात्र आपल्या घराजवळून करू.

१९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन यानं अवकाशात सोडली. दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, आणि तिच्यावर पृथ्वीवरच्या संगीताचे २७ नमुने आहेत. त्यांतला एक आपल्याला अभिमानाने माहीत असतो. गोव्यातल्या केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, साडेतीन मिनिटांची. यानं सुटली ऑगस्ट-सप्टेंबरात, आणि त्याच सप्टेंबरात केसरबाई गेल्या. ही गोष्ट आपण एकमेकांना बऱ्याचदा सांगतो. पण त्याच तबकडीवर आणखी एक गाणं आहे, त्याचं नाव आपल्याकडे सहसा कोणी घेत नाही. ते आहे 'चाक्रुलो', जॉर्जियाच्या पूर्वेकडच्या काखेती प्रांतातलं, सव्वादोन मिनिटांचं. पुरुषांचा एक मेळा, वाद्य एकही नाही. वर दोन गायक आळीपाळीने, खटके-मुरक्या घेत गातात आणि बाकीचे सगळे खाली एक लांब सूर धरून बसलेले असतात.

केसरबाईंची गायकी तंबोऱ्याच्या षड्जावर उभी आहे. चाक्रुलोसुद्धा एका धरलेल्या सुरावर उभं आहे. एकाच तबकडीवर हे दोन नमुने शेजारी शेजारी प्रवास करताहेत. फरक इतकाच की एका ठिकाणी सूर तारेने धरलाय, आणि दुसऱ्या ठिकाणी माणसांनी.

हा फरक किती मोठा आहे, ते आता पाहू.

तार आणि गळा

तंबोऱ्याची तार छेडली की ती वाजते. तिला दम लागत नाही, कंटाळा येत नाही, आणि समोरचा गवई काय गातोय याच्याशी तिला देणंघेणं नसतं. आपल्या संगीतात हे तिचं मोठेपण आहे. ती हलत नाही, म्हणून गवई हलू शकतो. आता तर यंत्राचा तंबोरा आला, मोबाइलमध्येही आला. माणूस लागतच नाही.

माणसाला मात्र श्वास घ्यावा लागतो. मग वीस-पंचवीस सेकंदांपलीकडे अखंड सूर कसा धरायचा?

आत्ता या सभागृहात आपण एक प्रयोग करू. सगळ्यांनी मिळून 'आ' लावायचा. हा घ्या सूर. सोपा आहे, खालच्या पट्टीतला. अट एकच. शेजारचा श्वास घेत असेल तेव्हा तुम्ही घ्यायचा नाही. आणि तुम्ही पुन्हा सुरात शिराल ते दार न वाजवता घरात शिरल्यासारखं, हळूच.

(श्रोते सूर धरतात. सुमारे एक मिनिट.)

बघा, एक मिनिट झालं आणि सूर तुटला नाही. तुमच्यातल्या प्रत्येकाचा तुटला, दोनदा-तीनदा तुटला. पण सगळ्यांचा मिळून तुटला नाही. आणि हे करताना तुम्ही काय करत होतात? स्वतःचा आवाज ऐकत नव्हतात, शेजारच्याचा श्वास ऐकत होतात. आळीपाळीने श्वास घेण्याचं हे तंत्र अल्बेनियातही आहे, जॉर्जियातही आहे. वरवर पाहिलं तर हे सगळ्यांत सोपं काम, एकच तर सूर धरायचा. पण ते एकट्याला करता येत नाही. आता जे पुढे सांगणार आहोत, त्या सगळ्याची किल्ली इथे आहे.

थोडं शास्त्रही पाहून घेऊ, फार खोलात न जाता. हिशेबाच्या सोयीसाठी समजा, तुम्ही धरलेला सूर सेकंदाला १२० कंपनांचा आहे. त्याचा पंचम १८० कंपनांचा, शुद्ध मध्यम १६० चा. कुठल्याही गळ्यातून नुसतं मूळ कंपन निघत नाही, त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशी उपकंपनंही निघतात. १२० ची तिप्पट ३६०. १८० ची दुप्पट ३६०. दोन्ही एकाच जागी येऊन पडतात, म्हणून षड्ज-पंचम एकमेकांत विरघळतात. हे जरा जरी सरकलं, एकाचं ३६० आणि दुसऱ्याचं ३६३ झालं, तर सेकंदाला तीन हेलकावे ऐकू येतात. आपण म्हणतो, सूर 'हलतोय'. तंबोरा लावताना आपण हेच हेलकावे ऐकून खुंटी पिळतो. खाली सूर धरलेला असेल, तर वर गाणाऱ्याला आपण नेमके कुठे आहोत हे क्षणोक्षणी कळत राहतं. म्हणजे खालचा सूर ही नुसती पार्श्वभूमी नाही, वरच्या गायकाची ती मोजपट्टी आहे.

आता १६० आणि १८० एकदम गायले तर? त्यांच्यात फरक २० चा. कानाला ते खरखरीत लागतं, एकमेकांना घासल्यासारखं. आपण पेटीवर मध्यम आणि पंचमाची पट्टी एकदम दाबली तर गुरुजी चूक काढतील. जॉर्जियात मात्र खाली षड्ज, त्याच्यावर मध्यम आणि पंचम, असे तीन सूर एकत्र उभे राहतात, आणि ती तिथली अतिशय लाडकी स्वरसंगती आहे. तिला अभ्यासक 'जॉर्जियन त्रिस्वर' म्हणतात. मध्यम आणि पंचमाचं ते घासणं हीच तिथे गाण्याची धार आहे. आणि गाणं संपतं ते बहुतेक वेळा हे सगळं घासणं मिटून एकाच सुरावर, किंवा षड्ज-पंचमावर.

'आहे तिथेच रहा'

चर्चकडे वळू. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये उपासनेत वाद्यं वापरत नाहीत. प्रार्थना गळ्यातूनच व्हायला हवी, अशी जुनी धारणा. म्हणजे तिथे तंबोऱ्याचं काम करायला माणूसच हवा. ग्रीक परंपरेत, जिला बायझंटाईन गायन म्हणतात, त्यात मुख्य गायक चाल गातो आणि त्याच्या बाजूला उभे असलेले काही जण खालचा सूर धरतात. त्या सुराला म्हणतात 'इसॉन'. शब्दाचा अर्थ 'समान', 'तोच'. आणि सूर धरणाऱ्याला म्हणतात 'इसोक्रातिस', इसॉन धरणारा. आपल्या 'झीलकरी'सारखाच हा शब्द, काम सांगणारा.

गंमत अशी की इसॉन हे बायझंटाईन स्वरलिपीतल्या एका चिन्हाचंही नाव आहे. ही लिपी स्वराचं नाव सांगत नाही. ती सांगते एक पायरी वर जा, दोन पायऱ्या खाली ये. इसॉनचं चिन्ह सांगतं की वर नको, खाली नको, आहे तिथेच रहा, तोच स्वर पुन्हा म्हण. नवशिक्यांसाठीच्या जुन्या पुस्तिकांमध्ये हे चिन्ह सगळ्यांत आधी शिकवलेलं दिसतं. म्हणजे चढणं-उतरणं नंतर, आधी एका जागी राहायला शिका.

१८१४ साली इस्तंबूलमध्ये तीन गुरूंनी ही स्वरलिपी सोपी करून नव्याने बसवली, आणि तीच आजही ग्रीक चर्चमध्ये चालते. पण त्याआधीच्या मध्ययुगीन हस्तलिखितांत लिहिलेली असते ती फक्त चाल. खालचा धरलेला सूर लिहिलेला नसतो. तो लिहायची पद्धत अगदी अलीकडची, विसाव्या शतकातली. री ओढणाऱ्यांचं असंच होतं, नोंदवहीत त्यांचं नाव उशिरा लागतं.

आपल्या तंबोऱ्यात आणि या इसॉनमध्ये एक फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. तंबोरा बैठकभर षड्ज सोडत नाही. इसॉन मात्र सरकतो. चाल एका स्वरसप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागातून वरच्या भागात गेली, तिथे तिने नवं ठाणं मांडलं, की सूर धरणाराही आपला सूर बदलतो. कधी बदलायचा हे त्याला चाल पाठ असल्याशिवाय कळत नाही. म्हणजे एकच सूर धरणाऱ्याला गाणं मात्र सगळं यावं लागतं. चांगला इसोक्रातिस मिळणं कठीण, असं त्या लोकांत म्हणतात ते उगाच नाही. युनेस्कोने २०१९ मध्ये ग्रीस आणि सायप्रस यांच्या नावे बायझंटाईन गायनाची अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

घेणारा, वळवणारा आणि बाकीचे

ग्रीसच्या उत्तर सीमेला लागून अल्बेनिया. तिथल्या दक्षिण भागातल्या लोकगायनाला 'इसो-पॉलिफोनी' म्हणतात. पॉलिफोनी म्हणजे अनेक चाली एकत्र, आणि 'इसो' म्हणजे धरलेला सूर. शब्द चर्चच्या 'इसॉन'वरून आलेला आहे. यावरून पद्धतही चर्चकडूनच आली का, यावर अभ्यासकांत वाद आहे. काहींच्या मते धरलेल्या सुरावर गाणं त्या डोंगरांत चर्चच्याही आधीपासून होतं, नाव तेवढं नंतर चिकटलं. नाव एकाचं आणि वस्तू दुसऱ्याची, असं भाषेत नेहमी होतं, तेव्हा नुसत्या शब्दावरून निकाल देऊ नये हे बरं.

इथे कामाची वाटणी बघण्यासारखी आहे. पहिला गायक गाणं 'घेतो', त्याचं नावच 'घेणारा'. दुसरा ते 'वळवतो', उत्तर देतो. आणि बाकीचे सगळे इसो धरतात. सीमेपलीकडे ग्रीसच्या इपिरस भागात हेच गाणं आहे, आणि तिथे एका गायकाला 'सूत कातणारा' म्हणतात. त्याचा आवाज चातीसारखा गरगर वरखाली होतो म्हणून. दक्षिण अल्बेनियातच दोन पद्धती आहेत. तोस्क लोकांमध्ये इसो 'ए' या स्वरावर अखंड वाहतो, आळीपाळीने श्वास घेऊन, आत्ता आपण केलं तसा. लाब लोकांमध्ये मात्र सूर धरणारे कधी कधी शब्दही म्हणतात, ठेक्यात.

हे गाणं लग्नात होतं, मर्तिकात होतं, सुगीला होतं. आणि ते कुठल्या एका धर्माचं नाही. त्या भागात ऑर्थोडॉक्स गावं आहेत आणि मुसलमान गावंही. इसो दोन्हींकडे धरतात.

१९६७ साली अल्बेनियाच्या कम्युनिस्ट राजवटीने धर्मावरच बंदी घातली. चर्च बंद, मशिदी बंद. चर्चमधलं गायन थांबलं. आणि पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, जिरोकास्तर या गावच्या किल्ल्यात सरकारनेच लोककलांचा राष्ट्रीय महोत्सव सुरू केला, आणि तिथे इसो-पॉलिफोनी मानाने मंचावर आली. बघा, सूर धरण्याची रीत एकाच देशात एका ठिकाणी गुन्हा झाली आणि दुसऱ्या ठिकाणी राष्ट्राची शान. १९९० मध्ये बंदी उठली तेव्हा लोकगीताचा इसो चालू होता, चर्चचा मात्र नव्याने बसवावा लागला. तेवीस वर्षं म्हणजे फार वाटत नाहीत. पण जे गाणं पाचजणांनी एकत्र उभं राहूनच शिकायचं असतं, त्याला ती एक अख्खी पिढी होते.

टेबलावरचे तीन गळे

आता जॉर्जिया. काळा समुद्र आणि कॉकेशस पर्वत यांच्यामधला छोटा देश. इथे जेवणाच्या बैठकीला 'सुप्रा' म्हणतात. तिला एक यजमान-सूत्रधार असतो, त्याचं नाव 'तामादा'. तो एकेक विषय घेऊन प्याला उचलतो. कधी देशासाठी, कधी गेलेल्यांसाठी, कधी मुलांसाठी. त्या शब्दांच्या पाठोपाठ गाणं येतं. गाणं म्हणजे कार्यक्रम नव्हे, ते बोलण्याचाच पुढचा भाग. 'म्रावालझामिएरी' नावाची गाणी तिथे गावोगावी आहेत. शब्दाचा अर्थ साधारण आपल्या 'शतायुषी व्हा'सारखा. काही ठिकाणी सगळं गाणंच त्या एका शब्दावर असतं.

प्रांताप्रांतात पद्धत वेगळी. पूर्वेला काखेतीत, चाक्रुलोच्या मुलखात, खाली अखंड सूर आणि वर दोघांचा संवाद. उत्तरेला स्वानेतीच्या उंच डोंगरांत तिन्ही आवाज जवळजवळ एकत्र हलतात, दगडी भिंत सरकावी तसे. तिथे मृत्यूच्या वेळी पुरुष उभे राहून 'झारी' गातात. तीन आवाजांचा तो शोक, त्यात अर्थाचे शब्दच नसतात, नुसते उद्गार. आणि पश्चिमेला गुरिया प्रांतात तीन गायक तीन वेगळ्या वाटांनी जातात, बऱ्याच जागा आयत्या वेळी सुचलेल्या. सगळ्यांत वर 'क्रिमांचुली', म्हणजे गळा झटक्यात उलटवून काढलेला कोंबड्याच्या आरवण्यासारखा आवाज. तळाशी असतो 'बानी', खालचा सूर.

अनेक चालींचं गाणं ही पश्चिम युरोपने जगाला दिलेली देणगी, असं आपण शाळेत कुठेतरी ऐकलेलं असतं. आपल्याकडे गोव्याच्या मांडोत दोन आवाज एकत्र येतात, ते तर पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून आलेल्या शिक्षणामुळेच. पण जॉर्जियाची गोष्ट वेगळी. अकराव्या-बाराव्या शतकातला तिथला तत्त्वज्ञ इओआने पेत्रित्सी हा तीन आवाजांची तीन नावं देतो आणि ख्रिस्ती त्रिमूर्ती समजावून सांगण्यासाठी त्यांचं उदाहरण घेतो. तिघे वेगळे, तरी गाणं एक. उदाहरण नेहमी आपण ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असलेलं देतो. म्हणजे त्या काळीही तीन आवाजांचं गाणं तिथल्या लोकांना रोजचं होतं.

चर्चमध्येही हेच तीन आवाज. चर्चची तीन-आवाजी गाणी मठांच्या परंपरेतून पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ चालत आली. प्रत्येक चर्चगायकाला हजारो पदं आणि प्रत्येक पदाचे तिन्ही आवाज यायला हवेत, अशी अपेक्षा. शिकवायचं कसं? गुरू एक आवाज गाणार, शिष्य दुसरा. मग अदलाबदल.

१८११ साली रशियन साम्राज्याने जॉर्जियन चर्चचं स्वातंत्र्य काढून घेतलं. हळूहळू उपासना रशियन वळणाची होत गेली, जुनं गायन मागे पडलं. तेव्हा जी माणसं पुढे आली त्यांत फिलिमोन कोरिद्झे हे एक. ते ऑपेराचे गायक, इटलीत मिलानला शिकलेले. १८८० च्या दशकात ते मायदेशी येऊन म्हाताऱ्या चर्चगायकांसमोर बसले आणि त्यांची पदं पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवायला लागले. एक्वतिमे केरेसेलिद्झे नावाच्या साधूने ती हस्तलिखितं जपली, नीट नकलून काढली. १९२१ मध्ये बोल्शेविक आले, चर्चवर गदा आली, तेव्हा ती धातूच्या पेट्यांत घालून जमिनीत पुरली. पुढे १९३५ मध्ये ती सरकारी संग्रहालयाच्या हवाली केली. हजारो पदं अशी वाचली.

कागद वाचला, म्हणजे गाणं वाचलं का? आपल्यापैकी ज्यांनी भातखंड्यांच्या पुस्तकावरून बंदिश बसवायचा प्रयत्न केलाय, त्यांना उत्तर माहीत आहे. कागदावर स्वर कळतो, पण त्याचं वजन कळत नाही. जॉर्जियाच्या बाबतीत तर स्वरही नीट कळत नाही. कारण तिथला पंचम पक्का असला, तरी मधले स्वर पियानोच्या पट्ट्यांत बसत नाहीत. कागदावरची पाच रेघांची लिपी त्यांना जवळच्या पट्टीवर बसवून टाकते.

तीन टेपरेकॉर्डर, एक गळा

आता त्या ध्वनिमुद्रणाकडे येऊ.

गुरियातल्या शेमोकमेदी या मठाची चर्चगायनाची मोठी परंपरा होती. त्या परंपरेतला शेवटचा मोठा गायक म्हणजे आर्तेम एर्कोमाइश्विली, जन्म १८८७. वडील गिगो हेही नामांकित गायक, त्यांच्या मेळ्याची ध्वनिमुद्रणं १९०७ साली ग्रामोफोन कंपनीने केलेली आहेत. तीच कंपनी, जिने काही वर्षं आधी कलकत्त्यात गौहर जानचं गाणं घेतलं होतं. आर्तेम चर्चगायन शिकले मेल्किसेदेक नाकाशिद्झे यांच्याकडे. त्यांना तिन्ही आवाज येत होते, शेकडो पदांचे.

१९६६ साली तिबिलिसीच्या संगीत विद्यालयाने त्यांना ध्वनिमुद्रणासाठी बोलावलं. अडचण एकच होती. बरोबरीचे गायक तोवर गेले होते. ती पदं त्या पद्धतीने त्यांच्यासोबत गाऊ शकेल, असं कोणी उरलं नव्हतं. मधली चाळीसेक वर्षं चर्चला उतरती कळा, त्यामुळे नवे शिष्य घडलेले नव्हते. तीन जणांचं गाणं एका माणसाच्या डोक्यात शिल्लक होतं.

मग त्यांनी असं केलं. आधी आर्तेम यांनी पहिला, वरचा आवाज एकट्याने गायला. तो एका टेपरेकॉर्डरवर घेतला. मग तो त्यांना ऐकवला, आणि त्याच्यासोबत त्यांनी मधला आवाज गायला. तो दुसऱ्या यंत्रावर घेतला. मग दोन्ही ऐकवले, आणि त्यांच्याखाली त्यांनी बानी धरला, तळचा सूर. असं एक-दोन नव्हे, शंभराच्या आसपास पदांचं. पुढच्या वर्षी, १९६७ मध्ये, ते वारले.

(ध्वनिमुद्रणाचा काही भाग ऐकवला.)

ऐकलंत? आधी एकटा आवाज, मग दोन, मग तीन. थोडा थकलेला, थोडा कापरा, टेपच्या खरखरीत. आपण तांत्रिक करामत म्हणून हे ऐकून सोडून देऊ शकतो, आज तर कुणीही मोबाइलवर असं करतं. पण क्रम लक्षात घ्या. त्यांना वरचा आवाज सगळ्यांत आधी गावा लागला, खाली काहीही नसताना. ज्या सुराच्या मोजपट्टीवर ही चाल उभी राहते, तो सूर तेव्हा खोलीत नव्हता. तो त्यांनी मनात धरला होता. साठ वर्षांपूर्वी शेजारी उभ्या असलेल्यांनी जसा धरला असेल तसा. आणि मग स्वतःच खाली येऊन स्वतःची री ओढली.

या पद्धतीचा नंतर एक अनपेक्षित फायदा झाला. तिन्ही आवाज टप्प्याटप्प्याने घेतलेले असल्यामुळे अभ्यासकांना प्रत्येक आवाज वेगळा मोजता येतो. जर्मनीतल्या ध्वनितज्ज्ञांनी, आणि एका भूकंपतज्ज्ञानेही, या ध्वनिमुद्रणांवर बारकाईने काम केलं आहे. जमिनीची थरथर मोजणाऱ्याला गळ्याची थरथरही मोजता येते. पाच रेघांवर जे उतरलं नव्हतं, ते मधल्या स्वरांचं खरं स्थान या टेपमध्ये शाबूत आहे.

पण खरा फायदा आमच्या मते दुसरा आहे. आर्तेम यांचे नातू आन्झोर एर्कोमाइश्विली यांनी १९६८ मध्ये 'रुस्तावी' हा मेळा काढला, जुनी ध्वनिमुद्रणं जगभरातून शोधून आणली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिबिलिसीच्या आंचिसखाती चर्चमधल्या तरुण गायकांनी कोरिद्झे-केरेसेलिद्झे यांची हस्तलिखितं बाहेर काढली, आणि कागद आणि टेप समोरासमोर ठेवून ती पदं पुन्हा उपासनेत आणली. आज एखाद्या मुलाला मधला आवाज शिकायचा असेल, तर वरचा आणि खालचा आर्तेम देतात. मेलेला माणूस त्याची री ओढतो.

तर मग काय जपायचं?

जॉर्जियाच्या गायनाला युनेस्कोने २००१ मध्ये गौरवलं, अल्बेनियाच्या इसोला २००५ मध्ये. २००८ मध्ये दोन्ही अमूर्त वारशाच्या यादीत गेली. याद्या असाव्यात. पण आजच्या सगळ्या गोष्टींतून एक मुद्दा निघतो, तो यादीत मावत नाही.

एकट्याने गायचं गाणं एक माणूस जगला तरी जगतं. एक गुरू, एक शिष्य पुरतो. आपलं रागसंगीत अशा अरुंद पुलांवरून कितीदा पार झालंय. या गाण्यांचं तसं नाही. तिथे वाचवायची वस्तू चाल नाहीच. वाचवायचा आहे तो तीन माणसांमधला संबंध. कोण घेणार, कोण वळवणार, कोण धरणार, आणि कोणाचा श्वास कधी. तिघांतला एक गेला की उरलेल्या दोघांकडे दोन-तृतीयांश गाणं उरत नाही, काहीच उरत नाही. आणि बहुतेक वेळा आधी तुटतो तो धरणारा. चाल गायला कोणीतरी मिळतं, कारण तिच्यात नाव आहे. रात्रभर एक सूर धरायला माणूस मिळत नाही.

हे आपल्यालाही लागू आहे का, ते तुम्ही ठरवा. झीलकरी आता किती गावांत आहेत? गावच्या भजनात आता ध्वनिवर्धक एकाच्याच हातात असतो, बाकीचे टाळ वाजवतात खरे, पण त्यांचं गाणं ऐकू येतं का? आम्ही दोष देत नाही, विचारतोय.

घरी गेल्यावर एक करून बघा. चाक्रुलोचं ध्वनिमुद्रण सहज मिळेल. पहिल्यांदा ऐकताना कान वरच्या दोघांकडेच जाईल, तो जाऊ द्या. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र वरच्यांना सोडून द्या. खालचा सूर धरा, आणि तो शेवटपर्यंत सोडू नका. बारीक आवाजात गुणगुणा त्यांच्याबरोबर. दम लागला की श्वास घ्या. तुमचा सूर तुटेल, गाणं तुटणार नाही. बाकीच्यांनी धरलेलं असेल.

इथे थांबू या.